ताणावरचा कॅक्टस

डिसेंबर लागला की अमरावती जिल्ह्यातल्या संत्र्याच्या बागांत पाणी थांबतं. मोर्शी, वरूड, चांदूरबाजार, अचलपूर, कुठेही जा. ज्याला आंबिया बहार धरायचा आहे तो बागायतदार ठिबकचे कॉक बंद करतो आणि झाडं ताणावर सोडतो. पानांची तकाकी जाते, कडा वळतात, थोडी पानगळही होते. नवख्या माणसाला वाटेल बाग वाळली. बागायतदार मात्र निवांत असतो, कारण गार रात्री आणि कोरडी मुळं यांची गाठ पडल्याशिवाय झाड फुलावर येत नाही, हे त्याला ठाऊक असतं. जानेवारीच्या मध्यावर पाणी देऊन ताण तोडला की झाड फुलांनी लगडतं. हलक्या जमिनीत ताण लवकर बसतो, भारी काळ्या जमिनीत उशिरा, कारण काळी माती धरलेली ओल सहजासहजी सोडत नाही.

बडनेऱ्याच्या गच्चीवर किंवा गॅलरीत कॅक्टस हिवाळ्यातून सुखरूप पार न्यायचा असेल, तर लागणारं ज्ञान नेमकं हेच आहे. ते या जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे. फक्त बागेतून कुंडीत आणायचं राहिलं आहे. वऱ्हाडात हिवाळ्यात जे कॅक्टस दगावतात, त्यांतले बहुतेक थंडीत दिलेल्या पाण्याने दगावतात. खरोखर थंडीच सोसवत नाही अशा जाती मोजक्या आहेत. दुर्दैवाने नर्सरीत सगळ्यांत जास्त विकली जाते ती त्यांतलीच एक, तिच्याकडे पुढे सविस्तर येऊ.

आधी इथला हिवाळा नीट ओळखून घेऊ. डिसेंबर-जानेवारीत बडनेऱ्याची दुपार साधारण २८-२९ अंश सेल्सिअसची असते आणि पहाट १२ ते १५ अंशांची. हवा कोरडी, आकाश स्वच्छ. मधूनच उत्तरेकडचे गार वारे सातपुडा ओलांडून येतात आणि तीन-चार रात्री पारा दहाच्या खाली जातो. मैदानी भागात किमान तापमान १० अंशांवर किंवा त्याखाली उतरलं आणि ते सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी कमी असलं की हवामान खातं थंडीची लाट जाहीर करतं. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपुरात पारा ३.५ अंशांपर्यंत घसरला होता. अशा रात्री वर्षात फार नसतात. नाजूक झाडाला मात्र त्यांतली एकही पुरेशी होते.

कॅक्टसवरची नावाजलेली बरीच पुस्तकं इंग्लंड-जर्मनीत लिहिली गेली. त्यांत ऑक्टोबर ते मार्च पाणी पूर्ण बंद ठेवायला सांगतात. तिथे काचघरात भर दुपारीही आठ-दहा अंश तापमान असतं आणि सूर्याला जोर नसतो, म्हणून ते बरोबरच आहे. आपल्याकडे दुपारी २८ अंश आणि लख्ख ऊन. तीन इंची कुंडीतलं छोटं रोप इथे पाच महिने कोरडं ठेवलं तर त्याची बारीक मुळं वाळून जातील आणि उन्हाळ्याच्या तोंडावर ते पाणी ओढायलाच असमर्थ होईल. दुसऱ्या टोकाला आपली सवय असते: सकाळी तुळशीला, मोगऱ्याला पाणी घालताना तोच पाइप कॅक्टसवरून फिरवायचा. या दोन टोकांच्या मधली वाट शोधायची, तर झाडाच्या पोटात काय चालतं ते पाहायला हवं.

इथे एक भारतीय धागा आहे. आपल्या अंगणातल्या पानफुटीचं पान सकाळी आंबट लागतं, दुपारपर्यंत तो आंबटपणा जातो आणि संध्याकाळी ते किंचित कडसर होतं. भारतात काम केलेले वनस्पतिज्ञ बेंजामिन हायने यांनी १८१३ साली एका पत्रात ही गोष्ट नोंदवली. पान चाखून केलेलं ते निरीक्षण पुढे वनस्पतिशास्त्रातल्या एका मोठ्या उलगड्याची सुरुवात ठरलं. पानफुटी, कोरफडीची जातकुळी, अननस आणि जवळजवळ सगळे कॅक्टस दिवसा त्वचेवरची रंध्रं मिटून घेतात, म्हणजे पाणी उडत नाही. ती रात्री उघडतात. तेव्हा आत घेतलेला कार्बन डायऑक्साइड मॅलिक आम्लाच्या रूपात साठवला जातो आणि दिवसा रंध्रं बंद असतानाच, सूर्यप्रकाशात त्याची साखर होते. सकाळचा आंबटपणा हा रात्रभराच्या कमाईचा साठा असतो.

या यंत्रणेला गार रात्र लागते. मे महिन्यात अकोल्याला दिवसा पारा ४५ च्या वर जातो आणि रात्रही तिशीच्या आसपास रेंगाळते, तेव्हा कॅक्टसची रंध्रं धड उघडत नाहीत, आणि साठवलेलं अन्न श्वसनातच खर्च होतं. वाळवंटातलं झाड म्हणून आपण त्याला उन्हाळ्याचा लाडका समजतो; वऱ्हाडात उन्हाळा त्याला तगून राहण्याचा असतो. त्याची खरी वाढ पावसाळ्याच्या शेवटापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत आणि पुन्हा फेब्रुवारी-मार्चमध्ये होते. दिवसा ऊब आणि रात्री गारवा, त्यात पंधराएक अंशांचा फरक, ही बडनेऱ्याच्या हिवाळ्याची देणगी मेक्सिकोच्या पठारावरून आलेल्या बहुतेक जातींना मानवतेच.

मग पाणी का तोडायचं? कारण मुळं. उष्ण प्रदेशातल्या कॅक्टसची मुळं दहा-बारा अंशांखाली जवळजवळ काम थांबवतात. माती ओली आणि मूळ ते पाणी घेत नाही, अशा अवस्थेत आठवडा गेला की पिथियम, फायटोफ्थोरा, फ्युजेरियम यांना रान मोकळं मिळतं. फायटोफ्थोरा तर संत्रा उत्पादकांचा जुना वैरी आहे, डिंक्या रोग त्याचाच. बुंध्याशी पाणी साचू देऊ नका, असं बागेत जे कळकळीने सांगितलं जातं, तेच कुंडीलाही लागू आहे.

दुसरं कारण झाडाच्या रसात आहे. पाणी कमी झालं की पेशींतला रस घट्ट होतो, त्यात साखरेचं प्रमाण वाढतं आणि असा रस थंडीला अधिक टिकाव धरतो. कॅलिफोर्नियातले वनस्पतिशास्त्रज्ञ पार्क नोबेल यांनी आयुष्यभर कॅक्टस आणि घायपाताच्या शरीरक्रियेचा अभ्यास केला. त्यांच्या कामातून दिसतं की तापमान हळूहळू उतरत गेलं तर झाड स्वतःला कणखर करत जातं; एकदम गार पडलं तर त्याला ती सवड मिळत नाही. उत्तर अमेरिकेतला एक लहानसा ओपुन्शिया कॅनडात बर्फाखाली हिवाळा काढतो. त्याचाच एक पूर्वेकडचा भाऊबंद थंडीत सुरकुतून अक्षरशः जमिनीवर आडवा होतो आणि वसंतात पुन्हा ताठ उभा राहतो. आपल्या कुंडीतल्या झाडाला बर्फ पाहायचा नाही, पण पाणी सोडून घट्ट होण्याची ही कला त्याच्याही अंगात असते.

म्हणून डिसेंबरात गोल कॅक्टस थोडा बसला, त्याच्या धारा जवळ आल्या, अंगावर सुरकुती आली, की ते ताण बसल्याचं लक्षण समजावं. नेमकी याच क्षणी घरातल्या कुणाला तरी दया येते आणि तांब्याभर पाणी ओतलं जातं. सुरकुती आणि सड यांतला फरक बोटाला कळतो. सुरकुतलेलं झाड सगळीकडून सारखं आत गेलेलं, पण दाबल्यावर टणक लागतं. सडलेलं झाड एका जागी, बहुधा मातीलगत, मऊ पडतं. तिथला रंग पिवळट-तपकिरी आणि पाणथळ दिसतो, नंतर वास येतो. बुडाशी करडी, खरखरीत, कडक साल चढली असेल तर ती वयाची खूण आहे, तिला हात लावू नये.

पाण्याचा हिशोब असा. मोठ्या, टणक, काटेरी जातींना, म्हणजे सोनेरी काट्यांचा गोल गरगरीत एकिनोकॅक्टस, फेरोकॅक्टस, उंच खांबासारखा सिरियस, नोव्हेंबर संपता संपता शेवटचं पाणी द्यावं आणि मग फेब्रुवारीपर्यंत विसरावं. मॅमिलॅरिया, रेब्युशिया, पॅरोडिया यांना तर हा गार, कोरडा विसावा मिळाला नाही तर फुलंच धड येत नाहीत. तीन-चार इंची कुंड्यांतल्या छोट्या रोपांना महिन्यातून एकदा, लख्ख ऊन असलेल्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास, माती जेमतेम ओलावेल इतकं पाणी पुरे. संध्याकाळी पाणी कधीच नको. ओल तपासायला खराट्याची काडी कुंडीच्या तळापर्यंत खोचून दहा मिनिटांनी काढा. ती कोरडी आली तर पाण्याचा विचार करायचा. वरची माती पाहून ठरवू नये, ती तासाभरात वाळलेली दिसते.

मातीबद्दल इथे जरा आग्रहाने सांगायला हवं. बडनेऱ्याची जमीन कपाशीची काळी. तिच्यातली माँटमोरिलोनाइट चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की भेगाळते. पऱ्हाटीच्या खोल मुळांना ती वरदान आहे. कॅक्टसच्या कुंडीत मात्र ती मूठभरही नको. फुगताना ती मुळांभोवतीची हवा काढून टाकते आणि भेगाळताना बारीक मुळं तोडते. आपल्या भागात गिट्टीच्या खदानी भरपूर आहेत, तिथली चुरी चाळून तीन ते सहा मिलिमीटरची खडी वेगळी काढावी आणि तिच्यातली धूळ धुऊन टाकावी. अशी दोन भाग चुरी, एक भाग विटांचा जाडसर चुरा आणि एक भाग मुरलेलं शेणखत व मुरूम मिळून, हे मिश्रण इथल्या हवेला चांगलं ठरतं. नर्सरीतून आलेली रोपं बहुधा कोकोपीटमध्ये असतात. कोकोपीट थंडीत आठवडाआठवडा ओलं राहतं आणि एकदा पूर्ण वाळलं की पाणी आत घेत नाही. दोन्ही बाजूंनी घातक. दिवाळीत घेतलेलं रोप असेल तर थंडी पडण्याआधी त्याची कुंडी बदलून घ्यावी. डिसेंबर उजाडला असेल तर मुळं छेडू नयेत, फक्त पाणी अगदी कमी करून फेब्रुवारीची वाट पाहावी.

कुंडी मातीची की प्लास्टिकची? मातीची कुंडी लवकर वाळते, म्हणून पावसाळ्यात ती सरस. पण ओली असताना तिच्या अंगातून पाणी उडत राहतं आणि माठातल्या पाण्यासारखी आतली मुळंही गार पडतात. हिवाळ्यात मातीच्या कुंडीला पाणी द्यायचं तर सकाळीच, आणि ती उन्हात ठेवूनच.

आता जागा. बडनेरा सुमारे २०.९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. २१-२२ डिसेंबरला भर दुपारीही सूर्य दक्षिणेच्या आकाशात क्षितिजापासून फक्त ४६ अंश वर असतो. म्हणजे दक्षिणेकडे उघडणारी गॅलरी सात फूट उंच असेल तर ऊन जवळजवळ सात फूट आतपर्यंत येतं. जूनमध्ये तोच सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकलेला असतो आणि त्याच गॅलरीत दुपारचं ऊन शिरतच नाही. कॅक्टससाठी यापेक्षा सोयीची जागा घरात दुसरी नाही: हिवाळ्यात भरपूर ऊन, उन्हाळ्यात सावली, वर स्लॅबचं छत आणि मागे दिवसभर तापलेली भिंत. उत्तरेच्या गॅलरीत मात्र डिसेंबरभर ऊन पोचत नाही. तिथे कॅक्टस लांबुळका, फिकट वाढतो, आणि ती मऊ वाढ थंडीला पहिली बळी पडते.

स्लॅबवर मी भर देतो त्याला कारण आहे. निरभ्र रात्री उघड्यावरची प्रत्येक वस्तू आपली उष्णता आकाशाकडे टाकत राहते आणि हवेपेक्षाही गार होते. हवामान खात्याच्या पेटीतला पारा नऊ अंश दाखवत असतो, तेव्हा गच्चीवर उघड्या ठेवलेल्या कॅक्टसचा शेंडा त्याहून दोन-तीन अंश खाली गेलेला असू शकतो. डोक्यावर छत असलं की हा ऱ्हास थांबतो. पण टिनाचं छप्पर तेवढं भरवशाचं नाही. पातळ टिन स्वतःच रात्री गारठतं, पहाटे त्याच्या खालच्या बाजूला दव धरतं आणि थेंब नेमके झाडांच्या शेंड्यावर पडतात. टिनाच्या शेडमध्ये कुंड्या असतील तर वर हिरव्या जाळीचा एक पडदा ताणून घ्यावा.

नाजूक जातींत पहिला मान त्या लाल-पिवळ्या टोपीच्या कलमी रोपाचा, ज्याला बाजारात मून कॅक्टस म्हणतात. वरचा रंगीत गोळा हा पॅराग्वेतल्या जिम्नोकॅलिसियम मिहानोविची या जातीचा. १९४१ साली जपानमध्ये एजी वातानाबे यांना रोपांत काही तांबूस रोपं सापडली. त्यांच्यापासून पुढे हे पूर्ण लाल वाण निघालं. त्यात हरितद्रव्य नसल्यामुळे ते स्वतःचं अन्न करू शकत नाही, म्हणून त्याला जन्मभर दुसऱ्या कॅक्टसच्या खुंटावर राहावं लागतं. संत्र्याचा डोळा जंबेरीच्या खुंटावर भरतात हे वऱ्हाडात शाळकरी मुलालाही माहीत असतं. फरक एवढाच की संत्र्याच्या पानांना अन्न करता येतं, या टोपीला ते येत नाही. खाली हिरवा त्रिधारी खुंट असतो तो ड्रॅगन फ्रूटचा, म्हणजे मध्य अमेरिकेच्या दमट रानातल्या वेलीचा. तो स्वस्तात मिळतो आणि झपाट्याने वाढतो, पण दहा अंशांखाली तो मान टाकतो. लोक वरच्या लाल गोळ्याकडे पाहत राहतात आणि रोप खालून जातं.

या रोपाला हिवाळ्यात पूर्ण ताण चालत नाही, कारण खुंटाला दोन जिवांचं पोट भरायचं असतं. दर पंधरा-वीस दिवसांनी दुपारच्या आधी थोडं पाणी, सकाळचं ऊन, आणि रात्री घरात, असं तीन महिने पाळावं. खुंटाच्या धारा तांबूस झाल्या तर तो गारठलाय असं समजा; बुडाशी तपकिरी डाग मऊ लागला तर वेळ उरलेली नाही. तेव्हा वरचा भाग निरोगी असेतो स्वच्छ सुरीने कापावा, कापाच्या मध्यभागी तपकिरी ठिपका दिसेनासा होईपर्यंत चकत्या काढाव्यात, गंधकाची पूड लावून कोरड्या सावलीत ठेवावा. हिरवा खुंट थोडा शिल्लक असेल तर तो फेब्रुवारीत पुन्हा मूळ धरतो. टोपीच तेवढी वाचली असेल तर थांबता येत नाही. ती त्याच दिवशी सिरियससारख्या काटक खुंटावर बसवून घरातल्या उबेत ठेवावी लागते. ते कलम दर वेळी जमतंच असं नाही.

दुसरं नाजूक झाड घरोघरी आहे आणि अनेकांना ते कॅक्टस आहे हेच माहीत नसतं: रात्री फुलणारं, आपण ज्याला ब्रह्मकमळ म्हणतो ते एपिफायलम. हिमालयातलं ब्रह्मकमळ वेगळं, ते सूर्यफुलाच्या कुळातलं. आपलं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या जंगलात झाडांच्या फांद्यांवर वाढतं. त्याला वाळवंटी ताण दिला तर पानासारखे सपाट दांडे सुतळीसारखे होतात. माती कोरडी होत आली की थोडं पाणी, कडक उन्हाऐवजी चाळणीतून आल्यासारखा उजेड, आणि थंड वाऱ्यापासून आडोसा. आंब्याखाली टांगलेली कुंडी बहुतेक वर्षं काहीही न करता तरते.

मेलोकॅक्टस ज्यांच्याकडे आहे त्यांनी मात्र खरंच जपावं. कॅरिबियन बेटं आणि ब्राझीलच्या उबदार भागांतलं हे झाड वयात आलं की डोक्यावर लोकरीची टोपी धरतं आणि मग त्याच्या हिरव्या अंगाची वाढ थांबते. १२ अंशांखालची रात्र त्याला सोसत नाही आणि टोपी आल्यावर कुंडी बदलणंही आवडत नाही. नोव्हेंबरच्या मध्यापासून ते दक्षिणेच्या खिडकीत आत घ्यावं आणि दर दोन-तीन आठवड्यांनी कोमट पाण्याचा घोट द्यावा.

थंडीच्या लाटेचा इशारा आला की अकोट-अंजनगाव पट्ट्यातले केळी आणि पानमळ्यांचे शेतकरी रात्री पाणी देतात, बांधावर धूर करतात. त्यांचं बरोबर आहे: ओली जमीन दिवसाची ऊब साठवते आणि सबंध शेताएवढा तो साठा रात्रभर पुरतो. कुंडीत मूठभर माती असते, तिच्यात साठा कसला होणार? तिथे पाणी फक्त मुळं गारठवतं. कुंडीसाठी उपाय साधा आहे. कोरडं झाड भिंतीलगत सरकवावं, रात्री त्यावर जुनं सुती लुगडं किंवा वर्तमानपत्राचा शंकू घालावा आणि ऊन येताच काढावा. प्लास्टिक अंगाला चिकटेल असं कधी झाकू नये, आत घाम धरतो.

थंडीपेक्षा मला भीती वाटते ती अवकाळीची. डिसेंबर-जानेवारीत ढग येतात, दोन-तीन दिवस रिपरिप, कधी गारा, आणि ढग गेल्यावर लगेच कडाका. ओली माती आणि गार रात्र एकत्र येण्याचा हाच मुहूर्त असतो. ढग दिसताच कुंड्या आत घ्या. भिजल्याच तर खालच्या थाळ्या काढून कुंड्या विटांवर चढवा, वारा लागू द्या. ढग हटत नसतील तर नाजूक रोपं बेधडक कुंडीतून काढून, मुळांची ओली माती झटकून, वर्तमानपत्रावर आडवी ठेवा. माणसाला हे निर्दय वाटतं; कॅक्टसला मुळं उघडी ठेवून दोन-तीन आठवडे काढणं काहीच जड जात नाही.

कोरड्या हंगामात पिठ्या ढेकूण वाढतो, तो कपाशीवाल्यांना परिचयाचा आहे. कॅक्टसवर तो काट्यांच्या बुडाशी आणि मातीखाली मुळांवर कापसाच्या पुंजक्यासारखा दिसतो. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून टिपून काढावा. त्याच्या एका नातेवाईकाने भारतात इतिहास घडवला आहे: किरमिजी रंग मिळवण्यासाठी म्हणून १७९५ साली आणलेला कीटक वेगळाच निघाला आणि त्याने फड्या निवडुंगाची एक जात खाऊन संपवत आणली, १९२६ मध्ये दुसऱ्या जातीवर श्रीलंकेतून मुद्दाम तसाच कीटक आणला गेला. एकरच्या एकर रान मोकळं करणारे हे जीव तुमच्या चार कुंड्या किती दिवसांत फस्त करतील, याचा विचार करून दर आठवड्याला भिंग घेऊन बघायला हवं.

फेब्रुवारीच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पहाटेचा पारा सलग पंधराच्या वर राहू लागला की ताण तोडायचा. पहिलं पाणी अर्धंच द्यावं. सुरकुतलेलं झाड एकदम भरलं तर त्याची त्वचा उभी चिरते. आठ-दहा दिवसांनी दुसरं पाणी भरपूर, तळातून निघेपर्यंत, आणि खत त्यानंतरच. कळ्या दिसू लागल्या की कुंडीची दिशा बदलू नये, बऱ्याच जातींच्या कळ्या त्याने वाळतात. आत ठेवलेली रोपं बाहेर काढताना आठवडाभर फक्त सकाळचं ऊन दाखवावं. वऱ्हाडात फेब्रुवारीअखेरीस पारा ३५ ला टेकतो, आणि तीन महिने उजेडाला पारख्या झालेल्या त्वचेवर त्या उन्हाचा एका दुपारीत उठलेला पांढरा डाग जन्मभर जात नाही. मार्चच्या मध्यापर्यंत गच्चीवरच्या कुंड्यांवर पन्नास टक्क्यांची हिरवी जाळी चढलेली असावी.